हशाचा कारखाना

कार्यक्रमपत्रिकेवर माझे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी असे धरले असेल की, आज बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार. युनियनचा माणूस दुसरे काय बोलणार? तो समज खोटा नाही. पण आज मी त्या विषयाकडे जरा लांबच्या वाटेने जाणार आहे. बोलायचे आहे ते एका अमेरिकन विनोदी दूरचित्रवाणी मालिकेविषयी, आणि तेही पडद्यावर काय दिसले यापेक्षा पडद्यामागे काय घडले याविषयी.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी बिस्किटांच्या एका कारखान्यातल्या पॅकिंग खात्यातील स्त्रियांचा आम्ही अभ्यासवर्ग घेतला होता. दुपारी जेवणानंतर व्याख्यान ऐकताना झोप येते, हा तीस वर्षांचा अनुभव. म्हणून मी एका कार्यकर्त्याला म्हटले, काहीतरी हसण्यासारखे दाखव. त्याने एक जुना काळापांढरा प्रसंग लावला. दोन बायका चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. चालत्या पट्ट्यावरून चॉकलेटे येतात, ती एकेक करून कागदात गुंडाळायची. एकही न गुंडाळता पुढे गेले तर नोकरी गेली, अशी तंबी देऊन मुकादमीण निघून जाते. पट्टा आधी सावकाश चालतो, मग भराभर चालू लागतो. बायकांचे हात पुरेनात. मग त्या चॉकलेटे तोंडात कोंबतात, टोपीत लपवतात, झग्याच्या गळ्यात टाकतात. मुकादमीण परत येते, पट्टा रिकामा पाहते, खूश होते आणि आत ओरडून सांगते की वेग वाढवा.

वर्ग पोट धरधरून हसला. हशा ओसरल्यावर मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "भाऊ, आमच्याकडं असंच होतं. काम निभावून दाखवलं की वेग वाढवतात." सगळ्या गप्प झाल्या. एका तासाच्या व्याख्यानात मला जे सांगता आले नसते ते त्या बाईने एका वाक्यात सांगितले. मग दुसरीने विचारले, "हा सिनेमा एवढा जुना, अजून लावतात. मग ह्या बायकांना दर वेळी पैसे मिळतात का?"

मला उत्तर आले नाही. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही आले ते पुढे वाचनालयातून आणि माणसांकडून आले. प्रश्न आला की उत्तर शोधायचे, एवढीच सवय. त्या शोधात जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

त्या मालिकेचे नाव 'आय लव्ह ल्यूसी'. तिचा पहिला भाग १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सी. बी. एस. या कंपनीच्या जाळ्यावरून प्रक्षेपित झाला आणि १९५७ पर्यंत तिचे अर्ध्या तासाचे १८० भाग झाले. कथानक साधे. न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या घरात रिकी रिकार्डो हा क्यूबातून आलेला गायक-वादक आणि त्याची बायको ल्यूसी राहतात. नवऱ्याच्या रंगमंचावर आपल्यालाही जागा मिळावी ही ल्यूसीची हौस, आणि नवऱ्याचा त्याला विरोध. खालच्या मजल्यावर घरमालक फ्रेड आणि त्याची बायको एथेल. ल्यूसीच्या प्रत्येक उद्योगात एथेल भागीदार. ल्यूसीचे काम ल्यूसिल बॉल हिने केले आणि रिकीचे काम तिचा खराच नवरा देसी अर्नाझ याने. फ्रेड व एथेल झाले विल्यम फ्रॉली आणि व्हिव्हियन व्हॅन्स.

देसी हा क्यूबातील एका सुखवस्तू घरातला मुलगा. १९३३ च्या क्रांतीत घरदार गेले आणि तो मायामीला आला. तिथे पहिले काम मिळाले ते पक्ष्यांचे पिंजरे साफ करण्याचे. पुढे गाणे-बजावणे करीत तो वर चढला. ल्यूसिलने हॉलिवूडमध्ये वर्षानुवर्षे लहानमोठी कामे केलेली, आर. के. ओ. या चित्रसंस्थेत ती करारावर होती. तिथल्याच एका चित्रपटाच्या वेळी, १९४० साली, दोघांची ओळख झाली आणि त्याच वर्षी लग्न झाले. या आर. के. ओ. चे नाव लक्षात ठेवा. शेवटी ते पुन्हा येणार आहे.

१९४८ पासून ल्यूसिल रेडिओवर एका विनोदी श्रुतिकामालेत पत्नीची भूमिका करीत होती. तिचे लेखन जेस ओपनहायमर, मॅडेलिन प्यू आणि बॉब कॅरोल हे तिघे करीत. सी. बी. एस. ला तीच कल्पना दूरचित्रवाणीवर आणावयाची होती. ल्यूसिलने अट घातली की, नवरा म्हणून देसीच पाहिजे. कंपनीचे अधिकारी बिचकले. क्यूबन उच्चाराचा नवरा आणि अमेरिकन बायको हे जोडपे प्रेक्षकांना पटेल काय, ही त्यांची शंका. प्रत्यक्षात त्या दोघांच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षे झाली होती! वाद घालीत बसण्यापेक्षा दोघांनी १९५० मध्ये एक छोटा प्रयोग बसवला आणि गावोगावच्या नाट्यगृहांतून तो करून दाखवला. लोकांनी टाळ्या दिल्या आणि शंका मिटली. आमच्या भाषेत सांगायचे तर, वाटाघाटीला बसण्यापूर्वी त्यांनी गेटमीटिंग यशस्वी करून दाखवली.

मालिकेची मूळ कल्पना ओपनहायमरने एका कागदावर उतरवली आणि एक डॉलर भरून लेखकांच्या संघटनेकडे नोंदवून ठेवली. लेखकाची चोरी होऊ नये म्हणून संघटनेच्या दप्तरात अशी सोय होती. त्या एका डॉलरच्या कागदावर पुढे केवढी इमारत उभी राहिली ते आपण पाहणारच आहोत.

आता खरी अडचण सांगतो. त्या काळी अमेरिकेतील दूरचित्रवाणीचे बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होत. म्हणजे इकडे नट बोलत असत आणि त्याच क्षणी घराघरांत ते दिसत असत. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी प्रक्षेपणाची वाट सुरू झाली तीच मुळी सप्टेंबर १९५१ मध्ये, आणि दोन किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर. ज्या भागात थेट कार्यक्रम पोहोचत नसे तिथे 'किनेस्कोप' पाठवीत. किनेस्कोप म्हणजे काय? दूरचित्रवाणी संचाच्या काचेसमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवायचा आणि काचेवर दिसेल त्याचे चित्रण करायचे. फोटोवरून पुन्हा फोटो काढला तर जसे होते तसेच त्याचे होई: चित्र पुसट, कडा विरघळलेल्या, चेहरे राखाडी.

खर्च करणारी होती सिगारेट बनवणारी फिलिप मॉरिस कंपनी. तिचे गिऱ्हाईक पूर्वेकडे अधिक. तिचे म्हणणे, कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट करा. आमच्या गिऱ्हाइकाने पुसट चित्र का पाहावे? ल्यूसिल आणि देसी हॉलिवूड सोडायला तयार नव्हते. तिथे त्यांचे घर होते आणि जुलै १९५१ मध्ये त्यांना पहिली मुलगी झाली होती. तेव्हा तोड निघाली ती अशी: कार्यक्रम हॉलिवूडमध्येच करायचा, पण चित्रपटासारखा ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर. मग न्यूयॉर्क काय आणि सॅन फ्रान्सिस्को काय, सर्वत्र सारखेच स्वच्छ चित्र दिसेल.

परंतु फिल्म महाग. वाढलेला खर्च कोणी सोसायचा? कंपनी म्हणाली, तुम्ही तुमच्या मानधनातून आठवड्याला १,००० डॉलर कमी घ्या. देसीने ते मान्य केले, पण बदल्यात एक गोष्ट मागितली. प्रक्षेपण झाल्यावर त्या फिल्मची मालकी नवराबायकोच्या 'देसिलू' या संस्थेकडे राहावी. कंपनीने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. एकदा दाखवून झालेला कार्यक्रम म्हणजे शिळे वर्तमानपत्र. त्याला पुन्हा कोण विचारणार, असाच त्या वेळचा व्यवहार होता. मित्रहो, मी शेकडो करार वाचले आहेत. करारातले जे कलम समोरचा माणूस हसत हसत मान्य करतो, ते नीट वाचावे. पुढची सारी गोष्ट त्याच कलमाची आहे.

आता कारखाना पाहू. चित्रपट करताना एक कॅमेरा असतो. एक वाक्य, दिवे हलवा, दुसरे वाक्य, पुन्हा दिवे हलवा, असे चालते. तेवढ्यात नटाचा रंग उतरतो. शिवाय ल्यूसिलला समोर माणसे हसताना ऐकू आली की तिचा विनोद खुलत असे. म्हणून तीन गोष्टी एकत्र आणायच्या होत्या: नाटकासारखे समोर बसलेले प्रेक्षक, चित्रपटाची फिल्म आणि दूरचित्रवाणीचा वेग. एकाहून अधिक फिल्म-कॅमेरे एकदम चालवण्याचे प्रयोग आधी झाले होते. पण संपूर्ण विनोदी नाटिका प्रेक्षकांसमोर अशी दर आठवड्याला करून दाखवण्याची घडी बसली ती इथे.

हॉलिवूडमधील जनरल सर्व्हिस स्टुडिओचा दुसऱ्या क्रमांकाचा मंच भाड्याने घेतला. प्रेक्षकांसाठी रस्त्याकडून दार पाडले, सुमारे तीनशे जणांना बसण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची बैठक उभारली. पहिले चित्रण ठरले ८ सप्टेंबर १९५१ च्या संध्याकाळी. लोक दाराशी आले, आणि आरोग्य खात्याचा माणूस म्हणाला की प्रेक्षक स्त्रियांसाठी नियमाप्रमाणे जवळ शौचालय नाही, तेव्हा प्रयोग होणार नाही. सारे हतबुद्ध झाले. ल्यूसिलने आपल्या रंगपटातले शौचालय बायकांना खुले केले आणि प्रयोग पार पडला. कारखान्यात बायकांसाठी शौचालय नाही, हा विषय घेऊन मी स्वतः तीन वेळा व्यवस्थापकांच्या दारात बसलो आहे. म्हणून ही हकिकत वाचताना मला हसूही आले आणि थोडा हेवाही वाटला. तिथे निरीक्षक वेळेवर आला होता!

प्रकाशयोजनेसाठी माणूस आणला तो कार्ल फ्रॉइंड. हा जर्मनीत 'मेट्रोपोलिस' या १९२७ च्या गाजलेल्या चित्रपटाचा छायालेखक; अमेरिकेत १९३७ च्या 'द गुड अर्थ' या चित्रपटासाठी त्याला ऑस्कर मिळालेले. तीन कॅमेऱ्यांचे दुखणे असे की, एकासाठी लावलेला दिवा दुसऱ्याच्या डोळ्यात जातो आणि तिसऱ्याच्या चित्रात सावली पाडतो. फ्रॉइंडने दिवे जमिनीवरून उचलले आणि छताखालच्या मचाणांवर टांगले. सगळीकडून सारखा, पसरट उजेड पडेल अशी रचना केली आणि चेहऱ्यावरच्या सावल्या काढण्यासाठी कॅमेऱ्यालाच लहान दिवे बसवले. त्यामुळे खाली जमीन मोकळी राहिली आणि चाकांच्या गाड्यांवरचे तीन कॅमेरे मुक्तपणे फिरू लागले. चित्र काळेपांढरे असल्यामुळे भिंती आणि सामान राखाडी रंगाच्या निरनिराळ्या छटांत रंगवले. म्हणजे घरात ठेवलेल्या लहानशा संचावरही चित्र अतिकाळे किंवा अतिपांढरे होऊ नये.

मधला कॅमेरा सगळे दृश्य घेई, बाजूचे दोन चेहरे जवळून टिपत. प्रत्येक कॅमेऱ्यामागे चित्र घेणारा, नजर साधणारा आणि गाडी ढकलणारा अशी माणसे. जमिनीवर खुणा केलेल्या असत. कोणत्या वाक्याला कोणती गाडी कोणत्या खुणेवर जायची हे पाठ असावे लागे. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. तीन कॅमेरे एकदम चालले की मिनिटाला २७० फूट. एक गाडी चुकली, तर फिल्म वाया आणि समोरच्या प्रेक्षकांचा हशाही वाया. कारण माणूस एकाच विनोदाला दुसऱ्यांदा तसा हसत नाही. पडद्यावर आपण ल्यूसीचे तोंड पाहतो, पण गाडी ढकलणाऱ्याचा पाय तेव्हा तिच्याइतकाच जपून पडत होता.

आठवड्याचे वेळापत्रक एखाद्या गिरणीच्या पाळीसारखे. आधी संहितेचे वाचन, मग उभ्याने तालीम, मग कॅमेऱ्यांसह तालीम आणि पहिल्या वर्षी साधारणपणे शुक्रवारी रात्री ८ वाजता प्रेक्षकांसमोर चित्रण. आधी देसी पुढे येऊन लोकांशी गप्पा मारी, सर्वांची ओळख करून देई. वेषांतराच्या वेळी वाद्यवृंद वाजे. नाटिका क्रमाने, शक्य तितकी न थांबता होई. पडद्यावर ऐकू येणारा हशा हा त्या बैठकीवरच्या माणसांचा. ल्यूसिलची आई नेमाने येऊन बसे, आणि मुलगी संकटात सापडणार असे दिसले की तिच्या तोंडून निघणारा चिंतेचा उद्गारही काही भागांत टिपला गेला आहे.

लोकांना वाटते की ल्यूसिल आयत्या वेळी काहीतरी करीत असेल. तसे नव्हते. तिचा प्रत्येक चाळा लिहिलेला असे. संहितेत अशा हालचाली ठळक मोठ्या अक्षरांत टंकलेल्या असत. तो मजकूर इतका काळाभोर दिसे की मंडळी त्याला 'काळा माल' म्हणत. मॅडेलिन प्यू ही लेखिका अवघड करामत आधी स्वतः करून पाही. एखादी गोष्ट बाईमाणसाला झेपते का, ती करताना दुखापत तर होत नाही ना, याची परीक्षा कागद लिहिणारीने आपल्या अंगावर घ्यायची! आमच्या कारखान्यांत उत्पादनाचे आकडे ठरवणारे साहेब असे एकदा पट्ट्यापाशी उभे राहिले, तर माझे निम्मे काम कमी होईल.

चित्रणानंतर तिन्ही फिल्म संकलक डॅन कान याच्याकडे जात. तीन चित्रे आणि एक ध्वनिपट एकाच वेळी पुढेमागे फिरवून पाहता येईल असे यंत्र मिळवले गेले. ते इतके अजस्र होते की त्याला 'तीन डोक्यांचा राक्षस' हे नाव पडले. कोणत्या क्षणी कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र ठेवायचे आणि हशा ओसरेपर्यंत किती थांबायचे, हे कानने त्या राक्षसापाशी बसून ठरवले. हशा मध्येच कापला तर विनोद मरतो, फार लांबवला तर कंटाळा येतो. यालाही कसबच म्हणायचे.

सुरुवातीला सांगितलेला तो चॉकलेटांचा भाग १५ सप्टेंबर १९५२ चा. दिग्दर्शक विल्यम आशर. त्यात ल्यूसीशेजारी बसून चॉकलेटे बुडवणारी जी गंभीर बाई दिसते ती नटी नव्हती, प्रत्यक्ष त्याच कामातली कसबी कामगार होती. प्रसंगात ती ल्यूसीला थप्पड मारते. ती चित्रणाच्या वेळी इतकी जोरात बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, असे ल्यूसिलने पुढे सांगितले आहे. त्या बाईचे गांभीर्य पाहा. सारे जग हसत आहे आणि ती मान खाली घालून आपले काम करीत आहे. आमच्या वर्गातल्या बायकांना ती चटकन ओळखू आली.

पैसा देणाऱ्याचा हात किती लांब असतो तेही सांगतो. खर्च सिगारेट कंपनीचा, म्हणून पडद्यावर सिगारेटी ओढल्या जात. याहून नाजूक प्रकरण आले १९५२ मध्ये, ल्यूसिलला पुन्हा दिवस गेले तेव्हा. गरोदर बाई पडद्यावर दाखवणे हे जाहिरातदार आणि प्रक्षेपण कंपनी या दोघांनाही अनुचित वाटत होते. अखेर परवानगी मिळाली, पण 'गरोदर' हा सरळ शब्द उच्चारायचा नाही, आडवळणाचा शब्द वापरायचा, आणि संहिता एका कॅथलिक पाद्रीला, एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाला आणि एका ज्यू धर्मगुरूला दाखवायची, असे ठरले. १९ जानेवारी १९५३ रोजी सकाळी ल्यूसिलला खरोखर मुलगा झाला आणि त्याच रात्री पडद्यावरच्या ल्यूसीलाही मुलगा झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी पाहणारे होते सुमारे २ कोटी ९० लाख.

बाळंतपणाच्या काळात नवे भाग पुरेनात. तेव्हा पहिल्या वर्षीचे भाग, सुरुवात बदलून, पुन्हा दाखवले गेले. आणि काय आश्चर्य, लोकांनी ते पुन्हा आवडीने पाहिले! शिळे वर्तमानपत्र म्हणून ज्याला हिणवले ते शिळे नव्हतेच. फिल्म स्वच्छ होती म्हणूनच हे शक्य झाले.

याच वर्षी एक संकट आले, आणि ते मला टाळून चालणार नाही. ल्यूसिलचे आजोबा कष्टकरी, समाजवादी विचाराचे, कामगारपुढारी यूजीन डेब्ज यांना मानणारे. त्यांच्या आग्रहाखातर १९३६ मध्ये ल्यूसिलने मतदार म्हणून कम्युनिस्ट पक्षाच्या नावापुढे नोंद केली होती. सप्टेंबर १९५३ मध्ये संसदेच्या चौकशी समितीपुढे तिला त्याचा जाब द्यावा लागला, आणि ती बातमी फुटली. त्या दिवसांत अशा बातमीने अमेरिकेत कित्येक लेखक-नटांची अन्ने गेली होती. त्या आठवड्याच्या चित्रणाआधी देसी प्रेक्षकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला की, ल्यूसीजवळ लाल आहेत ते फक्त केस, आणि तेही रंगवलेले! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ती वाचली. पण प्रामाणिकपणे विचार करा: तिच्यामागे कोट्यवधी प्रेक्षक आणि जाहिरातदाराचे हित उभे होते. ज्यांच्यामागे तसे काही नव्हते, त्यांच्यासाठी कोणी विनोद केला नाही आणि कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

आता शेवटचा हिशेब. फिल्मची मालकी देसिलूकडे होती. १९५६-५७ च्या सुमारास सी. बी. एस. ने त्या भागांचे हक्क विकत घेतले, सुमारे ४५ लाख डॉलरना. म्हणजे जी वस्तू कंपनीने करारात जवळजवळ फुकट सोडून दिली होती, तीच तिने परत विकत घेतली. त्या पैशाच्या जोरावर देसी आणि ल्यूसिल यांनी १९५७ च्या अखेरीस एक मोठी चित्रसंस्था विकत घ्यायचे ठरवले. ती कोणती? आर. के. ओ.! जिथे ती करारावरची साधी नटी होती त्या जागेची ती मालकीण झाली. पुढे १९६० मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. १९६२ मध्ये तिने देसीचा हिस्सा विकत घेऊन संस्था स्वतः चालवली, आणि १९६७ मध्ये ती विकली.

हे झाले मालकांचे. बाकीच्यांचे काय? निर्माता-लेखक ओपनहायमरचा नफ्यात हिस्सा होता. पण व्हॅन्स आणि फ्रॉली यांना मालकीत वाटा नव्हता. गाडी ढकलणारा, दिवे टांगणारा यांचे तर नावच नको. इथे बिस्किट कारखान्यातल्या त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते.

चित्रपटनटांच्या संघटनेने १९५२ मध्ये प्रथमच असा करार मिळवला की, दूरचित्रवाणीसाठी केलेली फिल्म पुन्हा दाखवली तर नटाला काही रक्कम मिळावी. पण ती ठराविक पुनःप्रक्षेपणांपुरतीच. तेवढी झाली की देणे संपले, मग फिल्म शंभरदा दाखवा. ही मर्यादा पुढच्या कामांसाठी १९७४ च्या करारात उठली. मध्यंतरी १९६० मध्ये लेखक आणि नट या दोघांच्याही संघटना संपावर गेल्या. तेव्हा नटांना १९६० पासूनच्या चित्रपटांसाठी दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाचा मोबदला मिळाला. त्याआधीच्या चित्रपटांवरचा हक्क सोडून देऊन त्याऐवजी निवृत्तिवेतन आणि औषधपाण्याच्या निधीसाठी एकरकमी साडेबावीस लाख डॉलर घ्यावे लागले. जुन्या नटांना ते बोचले. तडजोड कोणाच्या तरी पानातून वाढली जाते, हे प्रत्येक युनियनवाल्याला ठाऊक आहे.

आणि ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. २०२३ मध्ये अमेरिकेतील लेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस संपावर होते. दोघे एकाच वेळी संपावर जाण्याचा प्रसंग १९६० नंतर प्रथमच आला. तक्रार तीच: आता कार्यक्रम इंटरनेटवरून पुन्हा पुन्हा पाहिला जातो, मग आमचा वाटा कुठे? आपल्याकडेही चित्रपटगीतांच्या कवींना आणि संगीतकारांना गाण्याच्या पुढच्या उत्पन्नातील वाटा कायद्याने मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. वाद्ये बदलतात, सूर तोच असतो.

तेव्हा त्या बाईला मी दिलेले उत्तर असे होते: ज्यांनी करार करताना उद्याचा विचार केला, त्यांना मिळाले. ज्यांची संघटना होती, त्यांना थोडे मिळाले, तेही उशिरा. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते, त्यांना त्या शुक्रवारची मजुरी मिळाली आणि बाकी राहिला तो आपला हशा.

ती बाई हे ऐकून थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे सही करताना वाचायचं." मी म्हटले, होय, आणि एकट्याने सही करायची नाही. पुढच्या करारात आम्ही पट्ट्याच्या वेगाचे कलम घातले. वेग वाढवायचा तर आधी खात्यातल्या बायकांशी बोलायचे, एवढेच ते कलम. तेवढ्यासाठी अकरा बैठका झाल्या.

मित्रहो, विनोद पाहा, मनमोकळे हसा. हसण्यावर माझा मुळीच आक्षेप नाही. ल्यूसिल बॉलसारखी बाई शतकात एखादीच होते. फक्त हसून झाल्यावर जरा खाली पाहा. कॅमेऱ्याची गाडी कोणीतरी ढकलीत असते, दिवा कोणीतरी वर टांगलेला असतो, आणि चॉकलेटे बुडवणारी एक बाई मान खाली घालून आपले काम नीट करीत असते. तिचाही त्या हशात वाटा आहे, एवढे जरी आपण आजच्या संध्याकाळी मान्य केले तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.